शिक्क्याखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, आणि लोकांचा माझ्यावरचा विश्वास मला आता नकोसा झाला आहे. लॅबमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी वीस वर्षं बसलो आहे. बाळ होत नाही म्हणून जोडपी इथे येतात. पुरुषाचे शुक्राणू किती, पळतात कसे, दिसतात कसे, एवढं लॅबवाल्या ताई माझ्यातून पाहतात. "याची नजर म्हणजे नजर!" असं सगळे म्हणत. मीही फुशारून गेलो होतो.

काचेच्या भट्टीवर काम करणारा एक माणूस तीन वर्षांत तीनदा आला. भट्टी बंद पडणार अशी कुणकुण होती, म्हणून बिचारा दुहेरी पाळ्या करायचा. डोळे कायम तांबारलेले. तिन्ही वेळा शुक्राणू भरपूर आणि चपळ. तिन्ही वेळा ताईंनी 'सर्व ठीक'चा शिक्का मारला. त्याच शिक्क्याने घात केला. त्याच्या आईने रिपोर्ट इथेच सुनेपुढे नाचवला.

"माझ्या लेकात खोट नाही. हा बघ शिक्का! आता तू माहेरीच जा कशी."

सुनेच्या तपासण्याही ठीकच होत्या, पण तिच्या कागदाला कोण विचारतो? दोनदा गर्भ पडला, त्याचा दोषही तिच्याच माथी.

वरच्या मजल्यावरच्या संशोधक बाई एकदा ताईंना म्हणाल्या, "अगं, शुक्राणूत आरएनएचे बारीक तुकडे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण गर्भात कोणत्या जनुकाने बोलायचं नि कोणत्याने गप्प बसायचं, यात त्यांचा हात असतो. सततच्या ताणाने त्यांचं प्रमाण बदलतं, असं दिसतंय. त्या भट्टीवाल्याचं तेच झालंय, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण तुझ्या या भिंगातून ते दिसणारच नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं मी कशाच्या जोरावर मिरवत होतो?

एके दुपारी ती सून नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन एकटीच आली; बाईंचं म्हणणं ताईंकडून तिच्या कानावर गेलं होतं. "ताई, यात सगळं दिसत नाही, एवढं तरी लिहून द्या ना."

"फॉर्मवर तसा रकाना नाही हो."

रकाना नाही! मला हात असते तर मीच लिहिलं असतं. सून मात्र जागची हलली नाही. शेवटी ताईंनी पेन उघडलं आणि शिक्क्याखाली लिहिलं, 'ही फक्त वरवरची तपासणी आहे. ताणाचा परिणाम यात कळत नाही.' खाली सही केली.

सुनेने ती ओळ दोनदा वाचली. "हे पहिल्याच वेळी लिहिलं असतं तर..." म्हणाली, आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला झाकून ठेवा, मी अजून काम देईन. पण मला जे दिसत नाही ते नाहीच, असं माझ्या नावावर खपवू नका. परवा नवे फॉर्म छापून आले. रकाना त्यातही नाही.