नवव्या अल्बमचं सहावं गाणं

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिला खिडकी नाही. भिंतींना करड्या फोमच्या जाड गाद्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे टाळी वाजवली तर आवाज तिथल्या तिथे विरून जातो. एका बाजूला भिंतीऐवजी मोठी काच आहे. काचेपलीकडच्या खोलीत ड्रमचा भलामोठा सेट, आणि त्यामागे एक एकाहत्तर वर्षांचे आजोबा बसले आहेत. काळा बनियन, पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी, कानांवर हेडफोन. आता समजा, हे तुमचे आजोबा आहेत आणि त्यांचं एक गुपित फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

मुंगीला ते ठाऊक होतं.

लहानपणी शोधायला गेलं की ती हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून आजोबांनी तिला मुंगी हे नाव ठेवलं होतं. आता ती दहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती आणि आई कामावर जायची, म्हणून ती आजोबांबरोबर रोज रेकॉर्डिंगला यायची. आई म्हणायची, आजोबा तिला सांभाळतात. खरं तर उलटं होतं. मागून गाडी येते आहे, दाराची बेल वाजली, दुकानदार काहीतरी विचारतो आहे, हे सगळं मुंगी आजोबांच्या कोपराला हात लावून सांगायची. समोरच्याचे ओठ दिसले की आजोबांना बोलणं कळायचं. त्यानं तोंड फिरवलं की संपलं.

तुम्ही कानात बोटं घालून बघाल, पण तसं नसतं ते. आजोबांना जाड आवाज कळायचे, पायातून, खुर्चीतून. बारीक आवाज मात्र त्यांच्यापुरते जगातून निघून गेले होते. पंचेचाळीस वर्षं हेवी मेटल वाजवल्यावर दुसरं काय होणार? त्यांच्या बँडची गिटार करवतीसारखी, ड्रम दगडाच्या खाणीसारखे, आणि गायक असा की शेजाऱ्यांनी पोलीस बोलवावेत. पण आजची पोरं जे वाजवतात, त्यातलं अर्धं या चौघांनी आधीच वाजवून ठेवलेलं होतं. मशीनवर बसलेली रेकॉर्डिंगवाली ताईसुद्धा शाळेत असताना त्यांच्याच गाण्यांवर बाकं बडवत मोठी झाली होती.

"कोणाला सांगायचं नाही हं," आजोबांनी मुंगीला बजावलं होतं. "बहिरा ड्रमवाला म्हणजे आंधळा ड्रायव्हर. कोण बसेल अशा गाडीत?"

"मग तुम्ही वाजवता कसे?"

"जाड्याच्या खांद्यावर."

जाड्या म्हणजे बास गिटार वाजवणारा. तो नेहमी आजोबांसमोर उभा राहायचा आणि प्रत्येक ठोक्याला त्याचा डावा खांदा उडायचा. आजोबा तो खांदा बघायचे आणि वाजवायचे. "त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही," आजोबा हसून म्हणायचे.

आधीचे आठ अल्बम चौघांनी एकाच खोलीत, एकत्र वाजवून केले होते. सोळा वर्षांनी नववा सुरू झाला, त्याची पाच गाणीही तशीच झाली. मग जाड्या गेला. दोन वर्षं कोणी वाद्याला हात लावला नाही. आता सहावं, शेवटचं गाणं उरलं होतं. नव्या बासवाल्यानं आपला भाग दुसऱ्या गावातून कंप्युटरवर पाठवला होता. गिटार आधीच रेकॉर्ड झाली होती. आजोबांनी एकट्यानं, हेडफोनमधल्या ताल मोजणाऱ्या टिकटिकीवर, त्या सगळ्याला बरोबर जुळेल असं वाजवायचं होतं. अल्बमची तारीख जाहीर झाली होती. आजचा दिवस शेवटचा.

दुपारचे तीन वाजले होते. अकराव्यांदा गाणं सुरू झालं. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात आजोबा केसभर पुढे गेले, मग हातभर. ताईनं थांबवलं.

"पुन्हा घेऊ," आजोबांचा आवाज आला. "ती टिकटिक जरा वाढव गं."

ताई काचेकडे तोंड करून म्हणाली, "सगळी वाढवली आहे, काका. तुमच्या हेडफोनमधून ती ड्रमच्या माइकमध्ये यायला लागली आहे."

खरंच येत होती. ड्रम थांबले की काचेच्या अलीकडे, स्पीकरमधून, सगळ्यांना ती ऐकू यायची. टिक, टिक, टिक. खोलीतला गिटारवाला लांब्या आपल्या बुटांकडे बघत होता. गायकाला सगळे भोंगा म्हणत. तो खोकल्याची गोळी चघळत होता.

ताईनं खुर्ची फिरवली, म्हणजे आजोबांना तिचे ओठ दिसू नयेत. "मुंगी, खरं सांग. त्यांना टिकटिक ऐकू येते का?"

नाही म्हटलं तर गुपित फुटणार. हो म्हटलं तर सगळे समजणार की आजोबांना आता वाजवताच येत नाही.

"येते," ती म्हणाली.

"नाही येत, बाळ," भोंगा म्हणाला. बोलताना त्याचा आवाज अगदी लहान होता. "बारा वर्षं झाली. आम्हाला ठाऊक आहे."

मुंगीनं आधी भोंग्याकडे, मग लांब्याकडे बघितलं.

"लोकांना वाटायचं, जाड्या नाचतोय," लांब्या म्हणाला. "जाड्याला कसला नाच येतोय? लग्नातसुद्धा भिंत धरून उभा राहायचा तो. खांदा उडवायचा तो याच्यासाठी. घरी आरशासमोर सराव करायचा, बायकोच्या शिव्या खात."

"मग तुम्ही उभे राहा ना समोर."

"राहिलो की परवा. माझा खांदा माझंच ऐकत नाही, तर त्याला काय सांगणार?"

"दिवा लावा. टिकटिकीचा."

"लावला होता," ताई म्हणाली. "डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी बंद करायला लावला. आणि दिव्यानं ठोका तो लागल्यावरच कळतो गं. खांदा वर जायला लागला की ठोका यायच्या आधीच कळायचं."

काचेपलीकडे आजोबांनी टॉवेलनं मान पुसली आणि काठ्या उचलल्या. बारावी वेळ. या वेळी त्यांनी डोळे बारीक करून, दातओठ खाऊन वाजवलं. ताईनं मध्ये थांबवलं नाही. सात मिनिटं कोणी कोणाकडे बघितलं नाही. शेवटी ड्रम संपले तेव्हा गिटार अजून वाजतच होती.

"ऐक," भोंगा मुंगीजवळ खाली बसला. "मागच्या पाच गाण्यांतले त्याचेच ठोके ताई कंप्युटरवर कापून इथे बसवेल. ठोके त्याचे, नाव त्याचं. तू फक्त आत जा आणि म्हण, मस्त झालं."

"पण अल्बम ऐकल्यावर त्यांना कळेल ना."

भोंग्यानं गोळीचा कागद बोटांत चुरगाळला. मग मुंगीलाच समजलं. आजोबा अल्बम लावतील, स्पीकरवर तळहात ठेवतील आणि खूश होतील. त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

"आम्ही पंचेचाळीस वर्षांत त्याला कधी मस्त म्हटलेलं नाही," लांब्या म्हणाला. "आज म्हटलं तर लगेच संशय येईल. तुझ्यावर विश्वास ठेवेल तो."

ताईनं डोळे पुसले आणि उगाच एक बटण वरखाली केलं.

मुंगीनं जड दार दोन्ही हातांनी ढकललं. आत घामाचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास होता. गळ्यात उतरवलेल्या हेडफोनमधून टिकटिक चालूच होती. आजोबांनी काठ्या अजून खाली ठेवल्या नव्हत्या.

"हा बसला ना?" ते म्हणाले. "बारावा. हाताला कळतं बघ. काय म्हणाले ते? भोंग्या नाक मुरडत असेल."

मुंगी हसली नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांच्यासमोर मांडलं आणि त्यावर बसली. तोंडावरचे केस मागे सारले, म्हणजे ओठ नीट दिसतील.

"नाही बसला, आजोबा," ती सावकाश म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. टिकटिक सगळ्यांना ऐकू येते ते. बारा वर्षं त्यांना ठाऊक आहे ते. जाड्याचा आरसा. कंप्युटर. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती 'मस्त झालं' या शब्दांपाशी आली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता ओठ दिसत नव्हते, म्हणजे कोणालाच त्यांना काही सांगता येणार नव्हतं. काचेपलीकडे तिघं उभे होते. त्यांतलं कोणी आत आलं नाही. आजोबांनी डोळे उघडले की समोर कोणीतरी असावं, म्हणून मुंगी स्टुलावर तशीच बसून राहिली.