पातळ गादी

"मावशी, यांचं काय बिनसलंय हो? नुसत्या लोळत पडल्यात," सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता संशोधन करणारी पोरगी म्हणाली.

लोळत होत्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या राखणदार. अशी पेशी दुसरीला भेटते तेव्हा नुसती खेटत नाही. आतले दोर आवळून समोरचीला ओढते, चाचपते, मग ठरवते आपली की परकी. ही ओढ पोरीला मोजायची होती. पेशींच्या खाली मऊ जेल, जेलमध्ये चमकणारे बारीक मणी. पेशीनं ओढलं की मणी सरकणार. तीन आठवडे मणी ढिम्म होते. आणि उसनं आणलेलं हे सूक्ष्मदर्शकाचं यंत्र न्यायला संध्याकाळी गाडी येणार होती.

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं जेल ओतलं ते मावशींनी. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर होत्या. आज आल्या त्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापुरत्या.

"जेल कुणी केलं?"

"मीच. तुमची वही बघून, थेंबाला थेंब."

"कर बघू माझ्यासमोर."

पोरीनं काचपट्टीवर जेलचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि बोटानं हलकेच दाबली.

"हे बोट कुठून आलं?"

"नीट बसावी म्हणून. वहीत दाबू नका असं कुठे आहे?"

"जे मी करतच नाही ते लिहू कशाला, बाई? दाबून पातळ केलंस. पातळ गादीवर पाठीला फरशीच लागते. बिचाऱ्या खालची काच ओढत बसल्यात. ती हलते होय?"

पोरीनं बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "आणि मी त्यांना आळशी म्हणत होते."

मावशींनी नवा थेंब सोडला. काच टेकवली, हात मागे बांधले आणि गुणगुणल्या,

हळू ठेव काच बाई, नको लावू तिला बोट
पान टेकते पाण्याशी, तसे टेकू दे गं ओठ

"हे काय?"

"माझं घड्याळ. चारदा म्हणायचं, तोवर काच आपली आपण बसते."

जेल थिजलं, वरची काच काढून ते धुतलं. पेशींना पकड मिळावी म्हणून त्यावर प्रथिनाचा थर दिला. चार वाजता पेशी सोडल्या.

"मावशी," पोरगी कुजबुजली, "हलले."

"बरं झालं. आता मोज भराभर."

"आधी तुम्ही बघा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"एकतीस वर्षं गाद्या घातल्यात, आणि बाळ एकदाही पाहिलं नाहीत?"

मावशींनी चष्मा कपाळावर सारला. काळोखात एक पेशी बसली होती आणि चहूकडचे मणी तिच्याकडे सरकत होते. झोपेत कुणी चादर कवटाळावी आणि चादरीवरची फुलं जवळ यावीत तसे.

"इवलीशी तर आहे," त्या म्हणाल्या. "पण ओढ बघ कशी." मग बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. पोरीनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण यंत्र परत मागितलं नाही.

गाडी आली तेव्हा मापं हातात होती. यंत्र गेलं. मावशींनी वहीत शेवटची ओळ लिहिली, 'काच दाबू नये', आणि चपला घातल्या. आत पोरीनं उद्याचं जेल ओतलं होतं. हात मागे बांधून, काचेकडे बघत, ती तीच ओवी म्हणत होती.

चाल चुकत होती. मावशी दारात थांबल्या, सांगावंसं वाटलं. मग हसल्या, आणि दार नुसतं सोडून दिलं, ढकलायला बोटही न लावता. ते आपलं आपण हळूहळू मिटलं.