साहेबांच्या दारातला पांढरा चौकोन

वहिनी बावीस वर्षं रस्त्यावर पांढरे पट्टे मारत होती, पण सूड म्हणून मारलेला हा पहिलाच.

तिच्या नणंदेला जन्मापासून दिसत नव्हतं. तरी ताई रोज सकाळी काठी टेकत एकटी दवाखान्यात जायची, तिथे टेलिफोनवर बसायची. "मला कुणाचा हात लागत नाही," हा तिचा तोरा. मग फुटपाथवर त्या भाड्याच्या स्कूटर आल्या. मोबाइल दाखवून घ्यायच्या आणि उतरलं की तिथेच टाकून चालतं व्हायचं. अशाच एकीच्या हँडलात काठी अडकली, ताई तोंडावर आपटली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. दवाखान्याने निरोप धाडला : सोमवारी आला नाहीत तर दुसरी बाई बघतो.

स्कूटर कंपनीचे साहेब समोरच्याच बंगल्यात राहायचे. वहिनी गाऱ्हाणं घेऊन गेली. साहेब पेपरातून मान न काढता म्हणाले, "त्यांना म्हणावं, जरा बघून चालत जा."

वहिनी भांडली नाही. घरी येऊन तिने रंग तापत ठेवला.

शुक्रवारी भरदुपारी नारिंगी जाकीट चढवून ती साहेबांच्या फाटकात हजर.

"काय चाललंय?"

"पट्टे."

पट्टे म्हटलं की माणूस पुढे काही विचारत नाही. साहेबांनी तर मापाच्या दोरीचं टोकही धरलं.

"सरळ आली ना हो?" साहेबांनी विचारलं.

"अगदी तुमच्या नाकासमोर!"

फाटकापासून पायरीपर्यंत लख्ख चौकोन, आत स्कूटरचं चित्र.

लोकांना फुटपाथ दिसत नाही, पण चौकोन बरोबर दिसतो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्यावरच्या स्कूटर तिथे येऊन टेकल्या. शनिवारी फाटक दिसेनासं झालं. रविवारी ढीग पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला आणि त्यावर एका कावळीने घरटं बांधलं. पटत नसेल तर कावळीला विचारा.

सोमवारी ताई दारात उभी राहिली. काठी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. कुठेच काही लागेना.

"वहिनी, रस्ता झाडून नेला की काय कुणी?"

"तुम्ही जा तर खरं."

ताई गेली. एकटी. कोपरा वळेपर्यंत वहिनीने श्वास सोडला नाही.

संध्याकाळी ताई मान ताठ करून परतली, तेव्हा साहेब खिडकीतून ओरडत होते, "अहो बाई, पुसा तो चौकोन!"

"तापवून ओतलेला रंग आहे, साहेब. बारा वर्षं हलायचा नाही."

"अहो, चोरासारखा मागच्या बोळातून ये-जा करतोय मी!"

ताई थबकली. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि पडल्यापासून पहिल्यांदा खुदकन हसली.

"वहिनी, ऐकलंत? मागेही दार आहे म्हणे."

"उद्या दुपारी," वहिनी म्हणाली.