पोळ्याच्या दिवशीची कढई

गोंदियाच्या सांस्कृतिक भवनात ‘स्वर-स्वाद महोत्सव’ भरला तो नेमका पोळ्याला जोडून. आत हॉलमध्ये गाणं आणि बाहेर पत्र्याच्या मांडवात खाणं, असे तीन दिवस, आणि तिसरा दिवस खुद्द पोळ्याचा. तारीख काढली समितीच्या दुलीचंदसेठनी. सुट्टी आहे, पब्लिक येईल, एवढंच त्यांनी पाहिलं. ज्या बायांच्या हातचं खायला ही पब्लिक येणार, त्यांना त्या दिवशी घरी बैल पुजायचे असतात, हे काही सेठच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांचा आणि बैलाचा संबंध रस्त्यात गाडी अडण्यापुरताच.

सात नंबरचा स्टॉल नवेगाव बांधच्या बचत गटाचा होता. तिथे तीन बाया होत्या. साठीला आलेली कुंदाबाई, तिची विधवा सून डिंपल आणि गटातली नंदाबाई. कुंदाबाईच्या करंजीचं नाव तालुकाभर होतं. पहिले दोन दिवस तीच कढईपाशी होती, आणि लोक गाण्याच्या मध्यंतराची वाट न पाहता हॉलमधून उठून येत होते. तिसऱ्या दिवशी मात्र कुंदाबाईला कढईला हात लावता येणार नव्हता, आणि डिंपललाही नाही. त्यांच्या घराला पोळा खोटा होता.

सहा वर्षांपूर्वी पोळ्याच्या सकाळी कुंदाबाईचा एकुलता एक गजेंद्र दाराला लावायला पळसाच्या डहाळ्या आणायला गेला आणि शेताच्या धुऱ्यावर त्याला साप चावला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. सणाच्या दिवशी घरात असं मरण झालं की तो सण त्या घराला खोटा होतो. त्या दिवशी त्या घरच्या माणसाने कुठेही कढई चढवायची नाही, तळण करायचं नाही. दुसऱ्या घरून कोणी ताटलीत काही आणून दिलं तर तेवढं खावं. पुढे कधी त्याच तिथीला घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात वासरू झालं, तरच सण सुटतो. मुलाची आशा गजेंद्रबरोबरच गेली होती. राहिली गाय. कुंदाबाईचा नवरा परसराम दिवस मोजून गाय फळवून आणायचा, पण गाय काही पंचांग पाहून वीत नाही. मागच्या खेपेला दोन दिवस आधीच मोकळी झाली, तेव्हा परसराम तिच्यावर महिनाभर रुसला होता.

कुंदाबाई मात्र कोणावरच रुसली नाही. गजेंद्र गेला तेव्हा ती रडलीही नाही. आधी लोक म्हणाले, धक्का बसला आहे, रडेल पुढे. मग म्हणाले, बाई दगडाची आहे. तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटेनासा होतो, तसं तिला आत झालं होतं. ती धानाच्या रोवण्याला जायची, जेवायची, लग्नाकार्यात तळणीला बसायची. करंज्या पूर्वीसारख्याच फुलायच्या, कारण हात सगळं जाणत होते. लोक वाहवा करायचे आणि ती मान हलवायची.

आणि आता हे वीरेंद्रचं प्रकरण होतं. वीरेंद्र या भवनात माइक-स्पीकर सांभाळायचा. मागच्या साली याच महोत्सवात त्याची आणि डिंपलची ओळख झाली. माणूस शांत, गोंदियाचा, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत बोलणारा. मे महिन्यात तो सरळ नवेगावला आला, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि डिंपलशी लग्न करायचं आहे म्हणाला. आडून-आडून काही नाही. परसरामने कुंदाबाईकडे पाहिलं. कुंदाबाईने चहा दिला आणि म्हणाली, पाहू. त्या ‘पाहू’ला आता चार महिने होत आले. मध्यंतरी वीरेंद्रला नागपूरच्या एका मोठ्या सभागृहात काम लागलं. महोत्सव संपला की दुसऱ्याच दिवशी तो निघणार होता.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पीठ मळता मळता डिंपलने विषय काढला होता. मान वर न करता ती म्हणाली, “तुमी हो म्हनाल तरच जाईन, आई. नाई म्हनाल तं नाई जात. पन काईतरी तं बोला.”

कुंदाबाई पिठाचे गोळे करत राहिली. एकोणतीस वर्षांच्या पोरीला मेलेल्या नवऱ्याच्या राखणीला बसवणं पाप आहे, हे तिला कळत होतं. आणि ही गेली की गजेंद्र घोरायचा कसा, वैतागला की काय म्हणायचा, हे आठवणारं घरात आणखी कोणी उरणार नाही, हेही कळत होतं. परसराम तर गाईशीच बोलायचा. कुंदाबाईला दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या, वाटत मात्र काहीच नव्हतं. ज्याचं काही वाटतच नाही त्यावर हो तरी कसं म्हणायचं आणि नाही तरी कसं, असं तिला झालं होतं.

तिसऱ्या दिवसाचं ठरलं होतं असं की नंदाबाई तळेल आणि या दोघी नुसत्या लाटून भरून देतील. नंदाबाई आदल्या संध्याकाळी गावी गेली होती, बैल पुजून दुपारच्या गाडीने परतते म्हणून. दुपारी तिचा फोन आला. बैल सजले होते, पाहुणे आले होते, सासरा बाहेर पडू देत नव्हता. फोनवर ती रडकुंडीला आली होती. कुंदाबाईने तिला समजावलं आणि फोन ठेवला.

तोवर कच्च्या करंज्यांच्या चार पराती भरून ओल्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या. पाच वाजले तसा मांडव भरू लागला. सात नंबरसमोर रांग लागली आणि कढई थंड. दुलीचंदसेठ दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते तोडगा घेऊनच. बाजूच्या स्टॉलवरच्या मंचुरियनवाल्याला सांगतो, तो काढून देईल तळून, त्यात काय मोठं, म्हणाले. कुंदाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की सेठ दुसरीकडे कुणीतरी बोलावल्यासारखे निघून गेले.

फडक्याखाली करंज्यांच्या कडा वाळायला लागल्या होत्या. आणखी तासाभराने तेलात पडल्या असत्या तर तोंडं उघडून सारण सांडलं असतं. डिंपल म्हणाली, मी रांगेतल्या लोकांना सांगून टाकते की आज नाही मिळणार. स्वतः तळण्याचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. घराचा नेम तिने सहा वर्षं सासूपेक्षा काटेकोर पाळला होता. पोळ्याला शेजारणींनी आणलेली ताटली आली की आधी ती सासूसासऱ्यांना वाढायची आणि मग उरलं तर आपण घ्यायची.

आत हॉलमध्ये संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राची तयारी चालली होती. “हॅलो, वन, टू, थ्री,” असा वीरेंद्रचा आवाज भोंग्यातून मांडवभर आला. डिंपलचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. तीन दिवस हे चाललं होतं. आवाज आला की हात थांबायचा. पोरीला वाटत असेल की कोणाला दिसत नाही. कुंदाबाईला सगळं दिसत होतं.

“कढई ठेव,” कुंदाबाई म्हणाली.

डिंपलला वाटलं, सासूला दिवसाचा विसर पडला. तिने हळूच आठवण दिली, “आई, आज पोळा होय.”

“मले मालूम आहे. मी नाई तळत. तू तळ.”

“मले कसं चालंल? माह्या घराले बी तं...”

“तुले चालते,” कुंदाबाई म्हणाली. “तू आता आमच्या घरची नाई. घरी मी सांगीन.”

डिंपलचा चेहरा पांढरा पडला. सहा वर्षांत सासू तिला वाकडा शब्द बोलली नव्हती, आणि हे शब्द वाकडे की सरळ, तेच तिला कळेना. ती कुंदाबाईच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथे राग नव्हता, मायाही दिसत नव्हती. मग भोंग्यातून पुन्हा तोच आवाज आला, आणि डिंपलच्या एकदम ध्यानात आलं की आपण चार महिने ज्याची वाट पाहिली ते उत्तर हेच आहे. ती वाकली. पाया पडायचं होतं. कुंदाबाईने तिचा दंड धरून तिला वर केलं आणि कढईकडे वळवलं.

तेल तापलं. डिंपलने पहिला घाणा सोडला. करंज्या खाली गेल्या, वर आल्या, फुलल्या. कुंदाबाई मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली. आता तरी काही वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली. घर रिकामं झालं, सून गेली, असं तिने मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. आत काही हललं नाही. समोर लोक बोलत होते, कोणाचं पोर पिपाणी वाजवत होतं, आणि ती आपली बसली होती.

पहिला घाणा निथळत ठेवला तेव्हा कुंदाबाई म्हणाली, “आन एक इकडं. दुसऱ्या घरची आली तं मले खाता येते.”

डिंपलने पानांच्या द्रोणात एक करंजी ठेवली. लगेच द्यायला ती वळलीही होती, सासू दोन हातांच्या अंतरावरच तर बसली होती. पण ती थांबली. द्रोणावर तिने पदर झाकला, टेबलाला वळसा घालून रांगेच्या बाजूने बाहेर गेली आणि जिथे गिऱ्हाइकं उभी होती तिथून, समोरून, दोन्ही हातांनी तो द्रोण पुढे केला. शेजारणी दारात उभ्या राहून देतात तसाच. रांगेतल्या लोकांना काही कळलं नाही. कोणीतरी म्हणालं, अहो, आमचा नंबर आहे.

कुंदाबाई उठली. तिनेही दोन्ही हातांनीच द्रोण घेतला. सहा वर्षं पोळ्याची करंजी घरी यायची ती कोणाकोणाच्या घरून, थंड होऊन. ही कढईतून आत्ताच निघालेली होती. तिने मोठा घास घेतला आणि आतल्या गरम सारणाचा जिभेला चटका बसला. तिने घास थुंकला नाही. तो तसाच तोंडात धरून ती उभी राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थांबेना. गळ्यातून एक आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. “माह्या पोरा,” एवढंच ती म्हणाली.

डिंपल टेबलाच्या पलीकडून धावत आत यायला निघाली. कुंदाबाईने हात वर करून तिला तिथेच थांबवलं. पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं.

“माह्याकडं नोको पाहू,” ती म्हणाली. “तेल जळून राहिलं.”

मग ती खाली बसली आणि रडत रडत उरलेली करंजी खाऊ लागली.