एकीमागे एक

माझी सून सूर्याचे फोटो बघण्याची नोकरी करते. सूर्याभोवतीच्या तापलेल्या वायूत चुंबकाच्या जोराने कमानी उठतात. त्या ती पडद्यावर रेघ ओढून ओढून मोजते. तीन वर्षं डोळे फोडून तिने म्हणे सगळ्यात मोठी कमान शोधली, आणि मी ती माझ्या जावेला ऊठसूट ऐकवली.

काल ती कामावरून आली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या यानाने बाजूने काढलेला फोटो आला होता. कमान एक नव्हतीच. एकीमागे एक अशा दोन होत्या, समोरून जोडल्यासारख्या दिसत होत्या.

"साहेब म्हणतात, अहवाल छापून झालाय, राहू दे. कुणाच्या लक्षात येणार नाही."

"तुझ्या आलं ना?"

"आई, काकूंना काय सांगाल?"

जावेपुढे मान खाली घालायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "सांगेन, सुनेची चूक झाली आणि तिनेच पकडली. तिच्या पोरांनी आजवर एक तरी कबूल केलीय का, तेही विचारेन. लिही."

तीन वर्षांचं काम तिने चार ओळींत मागे घेतलं. मग ताट वाढायचं त्राण दोघींतही उरलं नाही.