बर्फाच्या खोलीची वास्तुशांत

कोपरगाव ठेसनाच्या मालधक्क्यावर सोसायटीने बर्फाची खोली बांधली, तेव्हा चेअरमन श्रीमंतराव महिनाभर छाती काढून फिरत होते. 'लहान शेतकऱ्याचा माल आता नासणार नाही,' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की त्यांच्या म्हशींनाही ते पाठ झालं असावं.

कडूबाईने मात्र ते खरं मानलं. राहात्याकडे तिची पेरूची बारा झाडं. गेल्या खेपेला मनमाडची संध्याकाळची गाडी येईपर्यंत सगळा माल उन्हात मऊ पडला आणि धक्क्यावरच गाईंपुढे ओतावा लागला. या हंगामाचा शेवटचा तोडा, सहा पाट्या, बैलगाडीत घालून ती उजाडतानाच हजर झाली.

आत नगरहून आलेल्या बर्फाच्या लाद्या भुशात रचलेल्या. दाराला तोरण, आणि तोरणाखाली श्रीमंतराव वाट अडवून उभे.

"आधी वास्तुशांत. त्याशिवाय कुणाचा माल आत जायचा नाही."

त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या पाट्या कालच आत गेल्या होत्या, त्या तिला दारातूनच दिसत होत्या.

"आन् होम कुटं करनार?"

"आत! वास्तू इथं, तर होम काय रस्त्यावर करू?"

कडूबाईने आतल्या लाद्यांकडे बोट केलं. मॅट्रिक झालेला माणूस, आणि अक्कल अशी गहाण! "आवो, आत बर्फ हाय."

"बायकांनी शास्त्रात तोंड घालू नये."

भटजींनी एकदा बर्फाकडे, एकदा लाडवांच्या परातीकडे पाहिलं आणि समिधा पेटवल्या. दुपारपर्यंत तूप, धूर आणि स्वाहा. दाराखालून पाणी वाहू लागलं, तर सोसायटीच्या दोघा पंचांनी ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. असल्या गाढवांपुढे गीता कोण वाचणार?

कडूबाई बैलगाडीकडे वळली. तिने गाडीतली गोणपाटं काढली, त्या गार पाण्यात भिजवली, लिंबाच्या सावलीत पाट्यांवर पसरली आणि सुकली की पुन्हा भिजवत बसली.

संध्याकाळी गाडीची घंटा झाली. खोलीतले पेरू धुराने आणि वाफेने शिजून काळे पडले होते. कडूबाईचे टणक होते. ती पाट्या चढवू लागली, तसे श्रीमंतराव धावत आले.

"कडूबाई, एक पाटी ठेवून जा गं. उद्या मोठे साहेब येणार आहेत, खोलीत राखलेला माल चाखायला."

तिने सहावी पाटी डब्यात ढकलली आणि ओलं गोणपाट त्यांच्या हातात कोंबलं.

"सायबाला ह्ये दावा. तुमच्या खोलीतलं गार येवडंच उरलंय."