डिशमधली काळी रेघ

कॉलेजात तिला सगळे बुरशीबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तीनशे बाटल्यांतल्या जिवंत बुरश्या सांभाळायच्या, वेळच्या वेळी नव्या आगरवर, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या जेलीवर, लावायच्या, हेच तिचं काम होतं. त्यातली एक बुरशी तिच्या सरांची. तीस वर्षांपूर्वी घरच्या पावाच्या डब्यात ती सापडली, सरांनी ती नवी प्रजाती म्हणून जाहीर केली आणि तिला काकूंचं, म्हणजे आपल्या बायकोचं, नाव दिलं.

आता एका प्रयोगशाळेने जनुकं तपासून कळवलं होतं, की ही नवी प्रजाती नाहीच. सगळीकडे सापडणाऱ्या साध्या बुरशीचाच हा वाण आहे. डोळ्याचा पडदा निकामी झाल्यापासून सरांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, यंत्राचं मी ऐकणार नाही. माझी आणि ती साधी, दोघींना एका डिशमध्ये समोरासमोर लाव. एकाच प्रजातीच्या असतील तर जुळतील.

या बुरश्यांत नर-मादी ओळखू येत नाहीत. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून एकीला धन म्हणायचं, दुसरीला ऋण. सरांची ऋण होती, म्हणून तिच्यासमोर साध्या बुरशीचा धन वाण लावायचा होता. धन आणि ऋण जवळ आल्या की त्यांचे तंतू एकमेकींकडे वाढतात, टोकाला टोक भिडतं, टोकं फुगतात, मधली भिंत विरघळते आणि तिथे जाड सालीचा काळा युग्मबीजाणू तयार होतो. असे हजारो झाले की डिशच्या मधोमध नुसत्या डोळ्यांनाही काळी रेघ दिसते.

ती रेघ तिने याच दोघींच्या डिशमध्ये एकदा पाहिली होती, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी. डिश पाहून सर म्हणाले होते, बाहेरची बुरशी शिरलीय, फेकून दे. तिने फेकली. प्रबंधातलं ते प्रकरणही काढून टाकलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नव्हते.

या वेळी तिने पाच डिशमध्ये दोघींना समोरासमोर लावलं, आणि पडताळ्यासाठी चार डिशमध्ये प्रत्येकीला तिच्याच वाणासमोर. सगळ्या डिश अंधाऱ्या कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आठ दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळीच काकू सरांना हाताला धरून घेऊन आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. तिने कपाट उघडलं. पाच डिशमध्ये रेघ होती. चारांत नव्हती.

रेघ नाही असं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस. त्याची एवढी एक गोष्ट राहिली असती. आणि दुसरीच भीती मनात आली. इतकी वर्षं जे बघायची इच्छा होती तेच तर आपल्याला दिसत नाही ना? तिने स्लाइड केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि नऊच्या नऊ डिश पुन्हा तपासल्या.

“दिसतंय का काही?” सरांनी विचारलं.

“रेघ आहे, सर. पाचही डिशमध्ये.”

टेबलावर ताल धरलेली सरांची बोटं थांबली. मग त्यांनी तोंडी परीक्षा घ्यावी तशी सुरुवात केली. वेगळ्या प्रजातीही एकमेकींकडे हात पुढे करतात, पण निम्म्यावर अडतात. तसं काही आहे का? साल पूर्ण काळी झालीय का, की पिवळीच आहे? बीजाणूला दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे कसे आहेत? तिने एकेकाचं उत्तर दिलं. शंभर बीजाणू मोज, ते म्हणाले. तिने मोजले. शंभरात चारच अर्धवट होते, बाकीचे पूर्ण.

“या वेळी बाहेरची बुरशी शिरली नाही ना?”

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

“नाही, सर. तेव्हाही शिरली नव्हती.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” सर म्हणाले. “तू गेल्यावर ती डिश मी कचऱ्यातून काढून पाहिली होती.”

आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. कानशिलं तापली. जाऊ द्या सर, असं काहीतरी म्हणायची वेळ होती, पण ती डिश परत कपाटात ठेवू लागली.

काकूंनी काय झालं ते विचारून घेतलं. पावावरच्या बुरशीला आपलं नाव आहे हे माहेरी कधी सांगायची सोय नव्हती, तेव्हा ते गेलेलंच बरं, असं त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळून हळू आवाजात त्यांनी विचारलं, “पण हिचं प्रकरण काढायला लावलंत, ते मला का नाही सांगितलं?”

पुढच्या आठवड्यात सरांनी प्रजाती रद्द करण्याचं टिपण तिला तोंडी सांगितलं. पुरावा सव्वीस वर्षांपूर्वीच मिळाला होता आणि तो मी दडपला, या वाक्याशी तिचा हात थबकला. लिही, ते म्हणाले. तिने लिहिलं.

त्यानंतर ती त्यांच्या घरी गेली नाही. सर फोन करत. ती कामापुरतं बोले. चार महिन्यांनी त्या पाच डिशमधले काही युग्मबीजाणू रुजले, काळी साल फोडून बारीक दांडे वर आले. दोघींची पुढची पिढी वाढली, म्हणजे प्रजाती एकच; आता शंकेला जागाच उरली नाही. तेव्हा तिने आपणहून फोन लावला. दांडा किती लांब आहे, सरांनी विचारलं. तिने मोजून सांगितलं.